स्टोव्हची पिन

खैरूनचाचींचं नाव आधी लिहितो. नाहीतर गाडीचं सांगण्याच्या भरात त्या मागे राहतील आणि गाडीच तेवढी उरेल. पौडच्या बाजारातून मुळशीकडे निघालं की उजव्या हाताला गफूरचाचांचं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत चाची राहायच्या. त्यांनी मला तापातून उठवलं, ज्वारीची भाकरी करून घातली आणि एकदा भर दुपारी एसटी स्टँडवरून परत आणलं. मला सांगायचं आहे ते तिसऱ्या गोष्टीबद्दल. पण पहिल्या दोन झाल्या नसत्या तर मी त्या दुपारी परत फिरलो नसतो, म्हणून त्याही थोड्या सांगाव्या लागतील.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, तीही एका काचेपायी. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर एक घड्याळ होतं. ते पुसायची पाळी माझी होती आणि पुसताना काचेला तडा गेला. कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर मारकुटेसुद्धा नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन घरून निघालो तो शाळेत न जाता ओढ्याकाठी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशीही तेच. आईला कळेपर्यंत पंधरवडा गेला होता, आणि मग काच फोडल्याचा एक आणि पळाल्याचा एक असे दोन जाब द्यावे लागणार होते. मी एकही दिला नाही. आज नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात, एवढंच ना आजोबा, म्हणतात. एवढंच. पण भित्र्या माणसाचं आयुष्य एवढ्याशा गोष्टीवरूनच वळण घेतं, हे धीट माणसांना समजावून सांगता येत नाही.

पुढे गावातल्या एकाबरोबर रस्त्याच्या कामावर आलो. खडी पसरायची, डांबराच्या पिपाखाली जाळ घालायचा. टोळी मुळशीच्या बाजूला असताना मला ताप भरला. टोळीच्या मुकादमानं मला गफूरचाचांच्या पडवीत निजवलं आणि दोन दिवसांत न्यायला येतो म्हणून सांगून गेला. तो अजून यायचाय. ताप उतरला तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा, अंगावर एक सदरा, आणि समोर भाताची ताटली घेऊन बसलेली एक ठेंगणी बाई. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, नाकात चमकी. त्या म्हणाल्या, "मुकादम गेला तुजा. तू हितंच ऱ्हा आता, न्हाईतरी ह्यांना पाना धरायला कुणी न्हाई."

त्या घरात माझी भीती मावत नव्हती. सगळंच नवं होतं. आमच्याकडे ज्वारी, इथं दोन्ही वेळा भात. भात शिजायला लागला की गॅरेजच्या ग्रीसच्या वासातही तो आंबेमोहोराचा वास घुसायचा. शुक्रवारी धरणातले मासे यायचे. मी जन्मात मासा खाल्ला नव्हता. काटा नरड्यात अडकेल या धास्तीनं मी ताटाकडे बघत बसायचो. चाचींनी पहिले तीन-चार शुक्रवार काटे काढून, बोटांनी चाचपून मला घास दिले, आणि त्याबद्दल कधी कुणापाशी हसल्या नाहीत. मग एकदा त्यांनी पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकरवी ज्वारी मागवली. त्यांचा हात तांदळाच्या भाकरीचा. ज्वारीची पहिली भाकरी थापताना चारी बाजूंनी फाटली. ती तशीच तव्यावर टाकून म्हणाल्या, "तुज्या आईवानी न्हाई जमायची." मी ती भाकरी पाठ फिरवून खाल्ली, कारण डोळे भरले होते.

घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे चाचींचा स्टोव्ह, मग समोरून दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाणारी पहिली एसटी, मग चाचांची हातोडी. भात झोडायच्या दिवसांत मागच्या खाचरातून दिवसभर पेंढ्या आपटल्याचा आवाज यायचा. रस्त्यापलीकडे बबनचं चहाचं दुकान होतं. बबननं माझं नाव परभणी ठेवलं होतं. आमच्याकडे जातोय, येतोय म्हणत नाहीत, जायलोय, यायलोय म्हणतात, आणि बबनला त्यात रोज नवी मजा वाटायची. "काय रं परभणी, जायलास का यायलास? एकदा काय ते ठरीव."

गफूरचाचा बोलायला कमी. इंजिन चालू करून स्क्रू ड्रायव्हरचं पातं त्यावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. काम उघडलं की सुटे भाग जमिनीवर पसरायचे नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी पितळी परात होती. पहिला निघालेला भाग परातीच्या कडेला, जिथं लाल दोरा बांधला होता तिथं ठेवायचा. ती बाराची जागा. पुढचा एकच्या जागी, त्यापुढचा दोनच्या, असं घड्याळासारखं फिरत जायचं. जोडताना उलटं फिरायचं, म्हणजे चूक होत नाही. ही रीत चाचांची नव्हे, चाचींच्या वडिलांची. ते सासवडला घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नात चाचींबरोबर ती परातही आली होती. मी रोज ती परात घासायचो.

त्या वर्षी, भातं झोडून होत आली होती तेव्हा, डॉक्टरबाईंची गाडी आली. डॉक्टरबाई एकट्या राहायच्या. केस पांढरे, आवाज मोठा, बोलणं पुण्याचं. गाडी त्यांच्या वडिलांची, काळी, विलायती, स्वातंत्र्याच्या आधीची. गोल डोळ्यांसारखे दिवे, दाराखाली पाय ठेवायला फळी. ती गाडी घेऊन त्या दर गुरुवारी धरणाच्या काठाकाठानं वाड्यांवर औषधं घेऊन जायच्या. तिकडच्या बाया गुरुवार धरून आजारी पडतात, असं बबन म्हणायचा. गाडी चढाला धडधडत होती, मध्येच दम तोडत होती आणि उभी केली की खाली पेट्रोल ठिबकत होतं. चाचांनी मूठ कानाला लावली आणि म्हणाले, नरडं. नरडं म्हणजे कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा तिथं मिसळतात आणि मग इंजिनाच्या पोटात जातात. ते साचलेल्या पेट्रोलच्या चिकटानं आतून भरलं होतं. असा कार्बोरेटर तोवर मी पाहिलाही नव्हता, चाचांनीही दोनदाच उघडला होता. त्याचा एकही भाग पुण्यात मिळायचा नाही.

सोमवारी त्यांनी तो उघडला. परातीत बाराला वरचे स्क्रू, मग झाकण, मग पितळी तरंगता डबा, मग त्याची सुई. सातच्या जागी जेट. जेट म्हणजे करंगळीच्या पेराएवढा पितळी तुकडा, त्यातून आरपार केसासारखं भोक. त्याच भोकातून सगळं पेट्रोल जातं. भोक किती मोठं, यावर गाडीचं सगळं अवलंबून. चाचा कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर हातोडीनं टुकटुक करत झाकणाखालची नवी पॅकिंग कापायला बसले होते तेवढ्यात मंचरहून माणूस आला, की त्यांचा थोरला भाऊ गेला. चाचा हात धुऊन तसेच निघाले. एसटीत चढताना मला म्हणाले, "धुवायचं, फुंकायचं, झाकून ठिवायचं. जोडायचं न्हाई. आन् जेटात तार घालायची न्हाई. बुधवारी येतो."

मी सगळं केलं. पेट्रोलमध्ये एकेक भाग धुतला, फुंकला, जागच्या जागी ठेवला. फक्त जेट मोकळा होईना. आभाळाकडे धरून पाहिलं की मधून उजेडाचा ठिपका दिसायला हवा, तो दिसत नव्हता. फुंकून फुंकून गाल दुखले. तोच मंगळवारी सकाळी डॉक्टरबाई दारात उभ्या. गुरुवारी गाडी मिळेल ना रे, पलीकडच्या वाडीत एक दिवस भरलेली बाई आहे, तिला आणायचं ठरलंय, म्हणाल्या. चाचा नाहीत, मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला नाही म्हणायची भीती. मी म्हणालो, मिळंल. त्या गेल्या आणि तो शब्द माझ्या अंगावर येऊन बसला.

चाचींचा स्टोव्ह पेटवणं हे माझं रोजचं पहिलं काम. स्टोव्ह धुरायला लागला की पत्र्याची दांडी आणि टोकाला बारीक तार असलेली पिन भोकात खुपसायची, की पुन्हा निळा जाळ. हजारदा केलेलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी चाचांचे शब्द आठवले तरी मला ती पिन म्हणजे तार वाटली नाही. तार म्हणजे भिंतीवर टांगलेली ती वेटोळी. पिन तर असल्याच भोकासाठी कारखान्यात केलेली. मी ती जेटात घातली, जराशी फिरवली. टक् असा आवाज आला, नखाएवढा. दांडी माझ्या हातात राहिली आणि टोक आत.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टाचणीनं ढोसून पाहिलं, तर टोक आणखी आत गेलं. जेट दोनदा हातातून खाली पडला. परातीत परत ठेवला तर चाचांना दिसेल. परातीत नसला तर हरवला म्हणतील, आणि हरवणं मोडण्यापेक्षा लहान, असा माझा हिशेब. म्हणून मी जेट रुमालाच्या गाठीत बांधला, रुमाल खिशात घातला आणि दुसरा सदरा काखेत मारून मागच्या खाचरातून स्टँडकडे निघालो. ओढ्याकाठीच निघालो होतो म्हणा ना. फक्त हा ओढा पुण्याला जाणारा होता. कुठं जाणार, ते ठरलं नव्हतं. मनात एकच होतं, की चाचांचा चेहरा बघायला लागू नये.

बबन स्टँडवर दूध घ्यायला आला होता. म्हणाला, कुठं जायलास रं परभणी? मी पाठ फिरवली. गाडी आली, लोक चढले, माझा एक पाय पायरीवर होता आणि पाठीमागून कुणीतरी माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. वळून पाहिलं तर चाची. चाची कधी बाजारातून अशा एकट्या यायच्या नाहीत. धापा टाकत होत्या. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात चाचांची. मला वाटलं, आता ओरडतील, चारचौघांत चोर म्हणतील. त्या इतक्याच म्हणाल्या, "जेवून जा."

मी पाय खाली घेतला. एवढंच. का घेतला, हे मी आयुष्यभर शोधतो आहे. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली, आणि मी चाचींच्या मागून, त्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघत घरी आलो. त्यांनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी होती, आता फाटत नसे. मी खाईपर्यंत त्या समोर बसून सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. ताट उचललं आणि मग माझ्यापुढे तळहात पसरला.

"दे."

मी रुमाल दिला. त्यांनी गाठ सोडली, जेट उजेडाकडे धरला. मग कळलं की त्यांनी दुपारी परातीवरचं फडकं उचललं होतं, सातची जागा मोकळी दिसली होती, आणि खुंटीवर माझा दुसरा सदरा नव्हता. त्या घड्याळजींच्या घरात वाढलेल्या. परातीत मोकळी जागा दिसली की त्यांना घास जायचा नाही.

"पिन मोडली?"

"व्हय."

"आत हाय?"

"हाय. मला वाटलं, पिन चालती."

मग त्यांनी पाण्याच्या हंड्याशेजारचा तुरटीचा खडा उचलला, गढूळ पाण्यात फिरवायचो तो, आणि मला वाण्याकडून आणखी पावशेर तुरटी आणायला पाठवलं. त्यांचे वडील असंच करायचे. घड्याळाच्या पितळी तबकडीत पोलादाचा स्क्रू मोडून बसला की तबकडी तुरटीच्या उकळत्या पाण्यात टाकून ठेवायचे. तुरटी लोखंड खाते, पितळेला हात लावत नाही. भांडं मात्र मातीचं हवं, नाहीतर ती भांड्यालाच लागते. चाचींनी संक्रांतीचं एक बोळकं काढलं, त्यात तुरटी विरघळवली आणि जेट दोऱ्याला बांधून आत सोडला. खाली भाताच्या तुसाची शेगडी. तूस भडकत नाही, तासन् तास आतल्या आत धुमसतं.

शेगडी फुंकता फुंकता म्हणाल्या, "तार निघंल. आज न्हाई तर उद्या. पर तुज्या चाचाला तू सांगायचं. मी त्वांड उघडणार न्हाई. तुज्या बाजूनं न्हाई आन् त्यांच्याबी बाजूनं न्हाई."

म्हणजे सुटका नव्हतीच. मी त्या बोळक्यापाशी बसून राहिलो. पाऊण तासानं जेटाच्या भोकातून एक बुडबुडा निघाला, मोहरीहून बारीक. मग दुसरा. चाची म्हणाल्या, खायला लागली बघ. त्यानंतर मी बुडबुडे थांबतात का एवढंच बघत होतो. जरा थांबले की माझा श्वास थांबायचा. तूस घालायचं, पाणी आटलं की ऊन पाणी ओतायचं. पुढे मी मोठमोठी इंजिनं उघडली, ट्रकांचे गिअरबॉक्स उतरवले, पण त्या बोळक्याइतकं लक्ष मी कशालाच दिलं नाही. आता माझ्या नातवाच्या मोटारसायकलीला कार्बोरेटरच नाही. तो म्हणतो, ते सगळं आता कॉम्प्युटर बघतो. बघत असेल. कॉम्प्युटरला भीती वाटत नाही, तेवढा तो भाग्याचा.

बुधवारी सकाळी डॉक्टरबाई औषधांची पिशवी काखेला मारून पायी स्टँडकडे निघाल्या होत्या. गाडी नव्हती म्हणून एसटीनंच एक फेरी करायला चालल्या होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, झालं का रे? मी म्हणालो, होतंय. आत चाची पाखडत होत्या. सुपाचा आवाज एकदम थांबला. मी वाट पाहिली, की आता त्या काहीतरी बोलतील. त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं सूप पुन्हा वाजायला लागलं. मला त्यांनी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

दुपारी बुडबुडे थांबले. चाचींनी दोरा उचलला. जेटावरची चकाकी गेली होती, पितळ मळकट गुलाबी दिसत होतं. त्यांनी नव्या केरसुणीचा एक हीर मोडला आणि भोकात हळूच सारला. लोखंड लावायचं नाही, हीर चालतो. पलीकडून काळा चिखल निघाला, काजळीसारखा. जेट धुतला आणि माझ्या हातात दिला. मी आभाळाकडे धरला. ठिपका होता. उजव्या डोळ्यानं पाहिला, डाव्या डोळ्यानं पाहिला, मग चाचींना बघायला लावला. "दिसतंय की," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मी जेट सातच्या जागी ठेवला. आणि आता खरी परीक्षा लागली, कारण आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तार नाही, पुरावा नाही. चिंच आणि राख लावून घासला असता तर रंगही परत आला असता. मी चिंच हातात घेऊन बसलोही होतो. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. पिन फिरवताना ते भोक मी आतून किती खरडलं, हे मला माहीत नव्हतं. भोक वाढलं असलं तर इंजिनाला पेट्रोल जास्त जाणार. धरणाच्या कडेच्या चढावर, पोटुशी बाई आत असताना गाडीनं दम तोडला तर? ते चाचांनाच कळणार, आणि मी सांगितलं तरच ते बघणार. मी चिंच परत डब्यात टाकली.

चाचा पाचच्या गाडीनं आले. थकलेले, डोळे सुजलेले. खाटेवर बसले. चाचींनी चहा दिला. मी समोर उभा राहिलो. सगळं नीट जुळवून ठेवलं होतं आणि ऐन वेळी तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"चाचा, मी सातवीत असताना घड्याळाची काच फोडली."

चाचांनी कप खाली ठेवला. "कुनाच्या?"

"शाळेच्या."

"मंग?"

"मंग जेटात पिन मोडली."

आणि मग थांबलोच नाही. पिन, रुमाल, खाचर, स्टँड, तुरटी, डॉक्टरबाईंना मिळंल म्हणालो ते, होतंय म्हणालो ते, सगळं. चाचांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. उठले, परातीतून जेट घेतला, दारात जाऊन मावळतीकडे धरला. बराच वेळ फिरवून फिरवून बघत राहिले. मी मार खायला खांदे आकसून उभा होतो. त्यांनी आत बघून एवढंच विचारलं, "तुरटी?" आतून चाची म्हणाल्या, "व्हय."

मग माझ्याकडे वळले. म्हणाले, स्टँडवर उतरल्या उतरल्या बबन भेटला, परभणी गाडीत चढता चढता जेवायला माघारी गेलं म्हणून सांगत होता. म्हणजे त्यांना अर्धं आधीच ठाऊक होतं, आणि ते चहा पीत माझी वाट बघत बसले होते. पुढे म्हणाले, "पळायचं आसंल तर पळ बाबा. तुला कुनी दावणीला बांधलं न्हाई. पर जेट ठिवून पळ."

आत चाची हसल्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. त्या घरात त्या दिवशी दुखवटा होता, तरी हसल्या, आणि चाचांनी त्यांना थांबवलं नाही. माझे खांदे मात्र अजून आकसलेलेच होते. त्यांना खाली यायला आठवडा लागला.

गुरुवारी उजाडताच चाचांनी परात माझ्यापुढे सरकवली. त्यांनी फक्त बघितलं, जोडलं मी, शेवटच्या जागेपासून उलटा फिरत बारापर्यंत. डॉक्टरबाई आल्या तेव्हा सगळं मलाच पुन्हा सांगायला लावलं. त्यांचा चेहरा कडक झाला. मग त्यांनी चाचांना विचारलं, घाटात बंद पडेल का? चाचा म्हणाले, बंद नाही पडायची, धूर जरा काळा सोडेल, पेट्रोल थोडं जास्त खाईल. आणि ह्याला संगं न्या. मी त्या काळ्या गाडीत पुढं बसलो, मांडीवर पान्यांची पिशवी. डावीकडे धरणाचं पाणी, उजवीकडे डोंगर, आणि प्रत्येक चढाला मी सगळं अंग कान करून बसलेलो. एका वळणावर बाई म्हणाल्या, "अरे, श्वास घे. तू श्वास रोखून धरलास म्हणून गाडी जास्त ओढत नाही." येताना मागच्या सीटवर ती बाई होती, कण्हत, आणि तिची सासू. गाडी दवाखान्याच्या दारात जाऊन थांबली. मुलगी झाली. त्या गाडीनं पुढे कित्येक वर्षं चढावर काळा धूर सोडला आणि तो दिसला की मी मान खाली घालायचो. चाचांनी तो धूर कधी कुणाला माझ्या नावानं दाखवला नाही.

त्याच आठवड्यात चाचींनी पेटीतून एक लाल फडकं काढलं. आत त्यांच्या वडिलांचं टेबलावरचं घड्याळ होतं. वडील गेले तेव्हा ते अर्धवट उघडलेलं होतं, पितळी तबकडीत एक स्क्रू मोडून अडकलेला. मी म्हणालो, मग तुरटीत का नाही टाकलं? त्या म्हणाल्या, स्प्रिंगा पोलादाच्या, धुऱ्या पोलादाच्या, आहे तसं टाकलं तर सगळंच खाईल. आधी पुरतं सोडवायला हवं, बारापासून फिरत. आणि सोडवणारा हात गेला. "तुला यायला लागलं की बग," म्हणाल्या, आणि फडकं बांधून ठेवलं.

मला यायला लागून चाळीस वर्षं झाली. माझं स्वतःचं गॅरेज झालं, ते मुलानं चालवायला घेतलं, चाचा गेले, पौडचं ते गॅरेज जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलं. चाची लेकीकडे पिरंगुटला असतात. डोळ्यांनी आता दिसत नाही, पण आवाजावरून ओळखतात. गेल्या ईदेला गेलो तेव्हा त्यांनी चाचपत उशाखालून तेच लाल फडकं काढून माझ्या हातात दिलं. जेवून जा, एवढंच म्हणाल्या.

घड्याळ माझ्या टेबलावर आहे. शेजारी, गॅरेज मोडलं तेव्हा माझ्याकडे आलेली ती परात आहे, बाराच्या जागी लाल दोरा बांधलेला. बोळकं आणलं आहे, तुरटी आणली आहे. रोज सकाळी समोर बसतो, आणि रोज एकही स्क्रू न सोडवता उठतो, कारण याचाही एक भाग आता कुठे मिळायचा नाही. पण चाची, हे मी लिहून ठेवतो, म्हणजे पळता येणार नाही. एक दिवस मी ते पुरतं सोडवीन, स्क्रू काढीन, पुन्हा जोडीन, आणि पिरंगुटला येऊन तुमच्या कानाशी धरीन. आणि सोडवताना माझ्या हातून काही मोडलं, तर ते तुम्हाला सांगायलाही मीच येईन. सगळे तुकडे बरोबर घेऊन.